साळूबाईच्या विळ्याचे म्यान

मी एक जुने म्यान आहे, मित्रांनो. म्यान म्हटले की तुम्हाला तलवार आठवेल. पण मी साध्या गवत कापायच्या विळ्याचे म्यान, तेही प्लॅस्टिकचे.

मुळात मी पाइपचा तुकडा. बहात्तरच्या दुष्काळानंतर मलकापूरच्या शिवारात नदीचे पाणी आणायला पाइप पुरले, त्यातला मी उरलेला. लालासाहेबांनी मला घरी आणले. ते पलटणीतून पेन्शनीवर आलेले, कुठलीही वस्तू फुकट जाऊ न देणारे.

त्या वेळी घरात अबोला चालला होता. लालासाहेबांच्या आईला, साळूबाईंना, डोळ्यांनी जेमतेम दिसत होते. कोनाड्यात विळा चाचपताना त्यांचा तळवा कापला, म्हणून मुलाने विळा माळ्यावर टाकला. म्हातारी जेवेना. म्हशीला रोज स्वतः गवत आणणारी बाई, ती रिकाम्या हाताने बसणार कशी? शेवटी सून मनुबाईच म्हणाली, की विळ्याला झाकण करा आणि देऊन टाका.

लालासाहेबांनी मला करवतीने उभे चिरले आणि चुलीच्या निखाऱ्यांवर धरले. घरभर असा वास सुटला की म्हैससुद्धा फुरफुरली. मी मऊ झाल्यावर त्यांनी मला पात्याभोवती गुंडाळले, दोन फळ्यांत दाबले आणि वर पाणी ओतले. झाले! विळ्याचे पाते वाकडे, ते आतच अडकून बसले. लालासाहेबांनी पायाखाली धरून ओढले तरी हलेना. साळूबाई पहिल्यांदा हसल्या, त्या तेव्हा. मग मला पुन्हा तापवून लालासाहेबांनी पाते सोडवले. या खेपेला पात्यावर धोतराचा फडका गुंडाळला, धारेची बाजू झाकली आणि पाठीची उघडी ठेवली. तापल्या खिळ्याने भोके पाडून नाडी ओवली. माझी एक कड जळून काळी पडली आहे. देखणा मी कधीच नव्हतो.

पण साळूबाईंच्या कमरेला मी फार ऐटीत मिरवलो. बांधावर बसून त्या हातानेच गवत चाचपायच्या, मूठ धरायच्या आणि कापायच्या. आल्यागेल्याला मला दाखवायच्या, 'आमच्या लालानं केलंय' म्हणायच्या. मला लय बरे वाटायचे.

दोन पावसाळे असे गेले. मग उरलीसुरली नजरही गेली आणि एके दिवशी त्यांचे बोट खोलवर कापले. लालासाहेब घाबरले. आईला नाही कसे म्हणायचे, हे त्यांना कळेना. त्यांनी विळ्याच्या मुठीतून पाते काढले, तिथे बाभळीची तासलेली पट्टी बसवली आणि माझ्यात सरकवली.

दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी मला कमरेला बांधले. क्षणभर त्यांचा हात माझ्यावर थांबला. मग त्या मनुबाईबरोबर बांधावर गेल्या. 'आत्याबाई, तुमी बसा, मी कापते,' असे मनुबाई म्हणाली, तशा त्या बसल्या. असे रोज चालले. मला मात्र फार लाज वाटे. झाकायचे ते माझे कामच. पण मी धार झाकायला जन्मलो होतो.

पुढे वडूजचे पाहुणे आले. लालासाहेब त्यांना कौतुकाने सांगू लागले, की आई अजून विळा घेऊन रानात जाते. साळूबाईंनी नाडी सोडली आणि मला मुलाच्या पुढ्यात ठेवले.

"इळा काढलास त्ये बरं केलंस," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर मला सांगून काढायचा हुतास. माजं डोळं गेल्यात, लाला. हाताला वजन कळतंय की."

लालासाहेबांना मान वर करवेना.

"तुला कवा कळलं, आई?"

"पयल्याच दिशी. तुला वाईट वाटंल म्हणून बांधत हुते."

लालासाहेबांनी तिथेच पट्टी उपटली, माळ्यावरून खरे पाते आणून मुठीत ठोकले, माझ्यात बसवले आणि मला आईच्या हातात दिले. साळूबाईंनी सगळी नाडी बोटांनी चाचपून पाहिली. मग मनुबाईला हाक मारली आणि मला तिच्या कमरेला स्वतःच्या हाताने बांधले. त्या दिवसापासून त्या रिकाम्या कमरेने, पण ताठ, बांधावर जाऊ लागल्या.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. प्लॅस्टिकला काय होते? पण कधी तरी म्हाताऱ्या माणसाच्या हातातली वस्तू सोडवायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा ती काढून घेऊ नका. त्यांच्याकडे मागा. ती देण्याचा मान तेवढा त्यांचा त्यांना राहू द्या.