दोष दाखवणारी काच

मित्रांनो, नरोलीच्या एका कापड कारखान्यातली, तपासणीच्या टेबलावर बसवलेली म्हातारी काच मी. माझ्याखाली ट्यूबलाइट जळतात. मागावरून उतरलेले कापड माझ्यावरून ओढत नेतात आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली रेघ, सारे उजेडात येते. एवढेच माझे काम. पण एवढ्याशा कामाने माणसे किती दुखावतात, हे पाहून पाहून मी थकले आहे.

नवी होते तेव्हा मला वाटे, दोष वेळीच दिसला की माणसाला बरेच वाटेल. तसे क्वचितच झाले. डाग दाखवला की कोणी तो सुतावर ढकली, कोणी आधीच्या पाळीवर. विकी नावाच्या कारागिराने तर काचच मळकी आहे म्हणत माझ्यावर पाना आपटला. सुरतेचा व्यापारी माल बघायला आला की तेवढ्यापुरती माझी पुसापुशी आणि तारीफ. तो गेला की माझ्यावर चहाचे कप.

माझ्यापाशी तपासणीला शैलजाताई उभ्या राहत. त्या धरणगावकडच्या. नवरा गेल्यावर भाड्याच्या खोलीत राहून, याच कामावर त्यांनी लेकीला शिकवले. त्यांच्या नजरेचा दरारा मोठा. कोणाचा दोष सापडला की त्या चारचौघांत, मोठ्याने सांगत. कारखाना चालवणारे मुकुंदसाहेबही त्यांचा शब्द मोडत नसत.

यंदा मात्र सुरतेला पाठवलेला माल परत आला. काठाला बारीक रेघा होत्या. कापड गोकुळ नावाच्या कारागिराच्या मागावरचे, म्हणून साहेबांनी त्याला कामावरून काढायचे ठरवले. माल तपासूनच गेला होता, असे गोकुळ म्हणाला. त्यावर शैलजाताईंनी ठणकावले, की आपल्या हाताखालून असला माल जाणारच नाही. मग गोकुळचे कोण ऐकणार?

टेबलाशी नव्यानेच कामाला लागलेली कावेरी हे ऐकत होती. दुपारच्या चहाला सगळे बाहेर गेले, तेव्हा ती ताईंजवळ आली.

"ताई, राग नका येऊ देऊ. काठाच्या बारीक रेघा तुम्हाले दिसत नाहीत. काल पण एक तागा तसाच पास झाला. मी तो बाजूला काढून ठेवलाय."

"तू आत्ता आलीस, आणि मला शिकवतेस?" ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी कावेरीबरोबर डबा खाणे सोडले. पोरीचा आपल्या जागेवर डोळा आहे, असेही त्या इतरांना सांगू लागल्या. दोष दाखवल्यावर होणारा तसा चेहरा मी कितीतरी जणांचा पाहिला होता. ताईंचा पहिल्यांदाच पाहिला.

पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्याच आल्या आणि बाजूला ठेवलेला तो तागा त्यांनी माझ्यावर पसरला. मान वाकवून पाहिले, डोळे चोळून पाहिले. होता नव्हता तेवढा उजेड मी दिला. डोळ्यांना रेघ दिसेना. मग त्यांनी काठावरून बोट फिरवले. बोटाला ती लागली. ताईंनी तागा माझ्यावर तसाच पसरलेला ठेवला.

सुट्टी संपल्यावर त्यांनी साहेबांना आणि गोकुळला माझ्यापाशीच बोलावले.

"रेघ मागानं पाडली, पण सोडली मी. मला नीट दिसत नाही. मी वेळेवर सांगितलं असतं, तर यानं तेव्हाच माग दुरुस्त केला असता. याला काढू नका."

साहेब पुष्कळ कुरकुरले, पण गोकुळ राहिला. तो माग उघडून कामाला लागला. कावेरीशी मात्र ताई आणखी काही दिवस अबोला धरून होत्या. एका संध्याकाळी त्या तिच्या शेजारी येऊन थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "डोळे दाखवायला सिल्वासाला जायचंय. येशील का सोबत?"

मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर दिसू लागले, पण तोवर माझ्यापाशी कावेरी कायम झाली होती. ताई आता पलीकडे घड्या घालतात. वाईट वाटत असणार, त्या बोलून दाखवत नाहीत.

मित्रांनो, आता माझे दिवे मंद झाले आहेत, कडाही झिजल्या आहेत. मला पुसत जा, एवढेच मागणे. कोणाला चूक सांगायची झाली तर कावेरीसारखे एकटे गाठून सांगा. आणि तुमची चूक कोणी सांगितली तर रागवा हवे तर, दोन दिवस डबाही वेगळा खा. पण तो तागा एकदा तरी स्वतः उलगडून बघा.