झाकण गार होईपर्यंत

एकाच कारखान्यात वडील साचे घडवायचे आणि मुलगी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर बसायची. साच्यातून निघालेलं प्लास्टिक गार होताना किती आकसेल, कुठे वाकेल, हे आधीच काढून सांगणं तिचं काम. बॅटरीच्या झाकणाचा साचा वडिलांचा निवृत्तीआधीचा शेवटचा. साहेबांना भारी घाई; तिचं उत्तर यायच्या आतच त्यांनी साच्याचं पोलाद कापायला लावलं.

उत्तर आलं, तेव्हा पडद्यावर झाकणाचा एक कोपरा लालभडक होता. म्हणजे गार होताना तो दीड मिलिमीटर वर येणार होता. तिने तीनदा गणित पुन्हा मांडलं, पण कोपरा काही खाली बसेना.

"बाबा, प्लास्टिक आत शिरतं ती जागाच चुकलीये."

"नकाशात होती तिथेच केली गं. कापलेलं पोलाद आता परत कसं जोडू?"

साहेबांनी तर तिचं बोलणं उडवूनच लावलं.

पहिलं झाकण निघालं आणि टेबलावर अगदी सपाट बसलं. सगळ्यांनी बाबांची पाठ थोपटली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुलला होता. झाकण अजून गरम आहे, हे तिच्या ओठांवर येऊन थांबलं. आपलं गणित खोटं ठरावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दहा मिनिटांत कोपरा हळूहळू वर आला. बाबांनी तो अंगठ्याने दाबून धरला. अंगठा काढताच तो पुन्हा वर आला.

"तुझंच बरोबर होतं," ते म्हणाले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.