वरची माती

आसारामने भरलेली पाटी उचलून बायकोच्या डोक्यावर दिली. बनुबाईने चुंबळ सारखी केली, मान ताठ धरली आणि चढाच्या पायवाटेला लागली. तिच्या मागोमाग दुसरी पाटी खांद्यावर घेऊन तोही निघाला. खालच्या रानातली माती वरच्या रानात न्यायची. होळीपासून नवरा-बायको हेच करत होते.

गावातली इतर माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मजुरी मिळे, पोरांना सुकडी मिळे. आसाराम गेला नाही. बनुबाईने एकदा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला होता, "खडी फोडून पोट भरंल. रान भरनार न्हाई."

खालचं रान त्याच्या धाकट्या भावाचं, मच्छिंद्रचं. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा थोरला म्हणून निवडीचा मान आसारामचा होता. डोंगराच्या पायथ्याची जमीन तेव्हा काळी, भुसभुशीत होती आणि ओढ्याकाठची नुसती दगडगोट्यांची. आसारामने वरची घेतली. मच्छिंद्रला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. ओढ्याकाठची त्याच्या वाट्याला आली.

पुढे आसारामने डोंगरावरचे धावडे तोडले, कोळसा पाडला, नगरला नेऊन विकला आणि घरावर पत्रे घातले. झाडं गेली तसा डोंगर बदलत गेला. आधी गवत विरळ झालं. मग दर पावसाळ्यात माती सुटू लागली. भरल्या अंगाचा, गोलसर डोंगर वाळला, त्याला घळी पडल्या, आतले काळे कातळ बरगड्यांसारखे वर आले. आसारामच्या शेतातही खडक उघडा पडला. आणि ती सगळी माती जाऊन बसली मच्छिंद्रच्या दगडगोट्यांवर, पुरुषभर खोल.

आसारामचा मुलगा गोरक्ष मागच्या दिवाळीत नागापूरच्या कारखान्यात लागला. जाताना म्हणाला, "आबा, खडकावर काय पेरू?" त्या बोलण्याने आसारामची झोप उडाली होती. शेवटी मान खाली घालून तो धाकट्याच्या दारात गेला.

मच्छिंद्रने त्याला घोंगडी अंथरून दिली, गुळाचा चहा पाजला.

"ने की, दादा. तुझीच हाय माती. वरनं आलेली."

"लई लागंल मला."

"लागू दे. फकस्त समद्या रानात उकरू नको. वरच्या कोपऱ्यातनं ने, तुझ्या बांधाच्या खालनं. तुलाबी जवळ पडंल."

गावात मच्छिंद्रचं नाव झालं. भाऊ असावा तर असा, असं लोक पारावर म्हणू लागले. आसारामचेही डोळे भरून आले होते.

मच्छिंद्र अधूनमधून येऊन खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसे. एकदा म्हणाला, "गोल घे, दादा. चौकोनी खड्ड्याच्या कडा ढासळत्यात." माती संपून मुरूम लागला तेव्हा आसाराम बाजूला सरकू पाहत होता. मच्छिंद्रने स्वतःची पहार आणून दिली. "मुरूमबी ने. तुला ताल घालायचीच हाय ना? दगडाच्या जोडीला मुरूम बसला की माती हालनार न्हाई."

ते खरं होतं. आसारामने माती अडवायला शेताच्या खालच्या अंगाला दगड-मुरुमाची लांबलचक, बांधासारखी ताल रचली. तिच्या आत माती पसरली.

"गोल कशाला पायजे?" बनुबाईने एका संध्याकाळी विचारलं. "मातीच न्यायची तर?"

"तुला काय कळतंय," आसाराम म्हणाला.

वैशाख सरता सरता पहारीखाली दगड फुटला आणि फटीतून पाणी झिरपू लागलं. आसाराम खाली बसून पाहत राहिला. पाणी त्याच्या अंगठ्यापर्यंत आलं, मग घोट्यापर्यंत. तो ओंजळ भरून पाणी प्याला. गोड होतं.

मच्छिंद्र आला तो नारळ, हळदकुंकू घेऊन. बरोबर गवंडी होता. गवंड्याने वरूनच दोरी सोडून खोली पाहिली आणि मान डोलावली.

"ऱ्हाऊ दे आता, दादा," मच्छिंद्र म्हणाला. "हितनं पुढं हिरीचं बांधकाम गवंडी बघंल."

आसाराम वर चढून आला. अंग मुरुमाने माखलेलं. त्याने एकदा त्या गोल खड्ड्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"तुला पयल्यापास्नं ठावं हुतं?"

मच्छिंद्र नारळाची शेंडी सोलत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"वाटनीच्या टायमाला तुला न्हवतं ठावं?"

मग नारळ पुढे करून तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "तू थोरला हाईस. तूच फोड."

आसारामने फोडला. हातावर पडलेलं खोबरं त्याने तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत उभा राहिला.

दुपार कलली तसे पश्चिमेला वळवाचे ढग चढू लागले. पाणी लागल्याची बातमी गावभर झाली होती. गावच्या दोन्ही विहिरींचा तळ कधीच दिसू लागला होता. घागरी, कळश्या घेऊन बाया मच्छिंद्रच्या खड्ड्याकडे निघाल्या. मच्छिंद्र काठावर उभा राहून सगळ्यांना पोहरा टाकू देत होता. बनुबाईलाही त्याने हाक मारून हंडा भरून दिला.

ती तो घेऊन वर आली तेव्हा आसाराम तालीपाशी वाकलेला होता. बरोबर विहिरीच्या डोक्यावरचे दगड तो एकेक करून काढत होता आणि बाजूला टाकत होता.

"अवं, काय करताय? एका सरीत समदी माती जाईल."

"जाऊ दे."

"गोरक्षला निरोप धाडलाय मी. पेरायला ये म्हनून."

आसारामने पुढचा दगड उपटला. त्याच्या बोटांच्या नखांतून रक्त येत होतं. तालीला पडलेलं खिंडार, खालचा उतार आणि त्याच्या टोकाला तो गोल खड्डा, एका रेषेत होते; सुटलेली माती सरळ त्यातच जाणार होती. बनुबाई उभ्या जागीच ते पाहत राहिली. गार वारा सुटला. खड्ड्याभोवतीच्या बायांची गर्दी वाढली होती. गावातल्या लंकाबाई म्हातारीला कुणीतरी हाताला धरून पुढे घेतलं आणि तिची कळशी आधी भरून दिली.

बनुबाईने हंडा खाली ठेवला. होळीपासून पाट्या वाहून आखडलेल्या मानेवरून हात फिरवला. पदर खोचला.

तालीच्या पायातला मोठा धोंडा आसारामला एकट्याला हलत नव्हता. तिने दुसऱ्या बाजूने हात घातला.