पायरीवरचा गवंडी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. काळापांढरा, हातभर लांब. ज्या घरात मला टांगलंय, त्या घराच्या मालकाचा मला मनापासून तिटकारा आहे. मोठ्यांबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण माझं वय शंभराच्या पुढे, तेव्हा इथे मोठा मीच!

माझ्यात पोस्टाची एक इमारत आहे. ती बांधून झाली त्या सकाळी फोटोग्राफर तिच्यासमोर कॅमेरा लावून उभा राहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. नुसती इमारत काढली तर ती केवढी, हे बघणाऱ्याला कळणार कसं? जवळ माणूस हवा. त्याने एका गवंड्याला हाक मारली, "ओ मिस्त्री, जरा पायरीवर उभे राहा. हलू नका."

गवंडी अनवाणी होता, हातात थापी, केसांत चुना. पापणीसुद्धा न हलवता उभा राहिला. जन्मात त्याचा तेवढा एकच फोटो निघाला. त्याची एक प्रत त्याला मिळाली, ती म्हणजे मी.

गवंड्याच्या घरी मी पेटीत, कोऱ्या कपड्यांच्या घडीत असायचो. हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. पुढे गवंड्याचा पणतू शिकला आणि साहेब झाला. शिकला म्हणायचं, एवढंच.

साहेबांनी मला दिवाणखान्यात लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगू लागले, "आमच्या पणजोबांची इमारत." जणू पणजोबा मालकच! एकदा एका पाहुण्याने वाकून विचारलं, "आणि हा पायरीवर कोण?"

"असेल कुणी मजूर," साहेब म्हणाले.

कोपऱ्यात साहेबांची म्हातारी आत्या बसली होती. ती ताडकन म्हणाली, "मजूर काय म्हणतोस मेल्या? माझे आजोबा आहेत ते!"

"आत्याला हल्ली नीट दिसत नाही," साहेब हसत पाहुण्यांना म्हणाले. लाज कशी ती नाहीच.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला फ्रेमवाल्याकडे नेलं. आत्याही हट्टाने गाडीत बसली.

"खालची दोन बोटं कापा," साहेब म्हणाले.

"साहेब, त्यात माणूस जाईल."

"जाऊ दे."

पट्टी कापली गेली. गवंड्याचा तुकडा टेबलाखाली पडला. आत्याने कमरेवर हात ठेवून वाकत तो उचलला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. "मला सगळं दिसतं रे," ती म्हणाली.

मी पुन्हा भिंतीवर आलो. नवी सोनेरी फ्रेम, पण पायऱ्या नाहीत, माणूस नाही. परवा एक पाहुणे बराच वेळ माझ्यासमोर उभे होते. मग म्हणाले, "छान आहे हो. पुठ्ठ्याची केलीय का?"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. भोगा म्हणावं आता!

मित्रांनो, जुन्या फोटोंना ओल लागू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगतो, कात्री हातात घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दुपारी घरात कुणी नसलं की आत्या उठते, डबी उघडते आणि तो तुकडा माझ्या काचेवर खाली धरते. तिचा हात दुखेपर्यंत माझी इमारत पुन्हा खरी होते.