उतारावरची वेसण

येळ्ळूरच्या भाजीपाला संघाच्या शेडमध्ये दुपारी तीनला बैठक सुरू झाली आणि साडेचार वाजेपर्यंत नागोजीच्या मस्तकात तिडीक गेली. दीड तास माणसं प्रश्न विचारत होती. गाडी एका दमात किती जाते? पावसात शॉक बसतो काय? कोबीचे क्रेट किती मावतात? अंबुबाईने तर विचारलं, "आवाजच न्हाय म्हंता, मग गाडी बांधावर आली ते आमास्नी कळायचं कसं?" आणि सगळी शेड हसली.

पण भरलेली गाडी उतारावर थांबते कशी, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

नागोजी तीस वर्षं संघाची गाडी चालवत होता. येळ्ळूर आणि भोवतालच्या गावांची भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याचा घाट उतरायचा आणि म्हापशाच्या बाजारात खाली करून परत यायचं. गाडी जाताना भरलेली असते आणि घाट जातानाच उतरायचा असतो. हे ज्याला कळलं त्याला हा सगळा धंदा कळला.

जुनी डिझेल गाडी आता थकली होती. नवी घ्यायची तर संघापुढे दोन गाड्या होत्या. एक निव्वळ बॅटरीवर चालणारी. तिची बॅटरी मोठी, पण म्हापशाला जाऊन परत यायला ती एका चार्जिंगमध्ये पुरत नव्हती. तिकडे दोन तास थांबून चार्ज करावी लागणार होती. दुसरी रेंज एक्स्टेंडरवाली. तिची चाकंही विजेच्या मोटरवरच फिरतात, पण बॅटरी लहान आणि सोबत पेट्रोलचं एक छोटं इंजन. ते इंजन चाकांना हात लावत नाही, नुसती बॅटरी भरत राहतं. जत्रेत पाळण्याशेजारी जनरेटर धडधडत असतो, तसं. म्हणून दोनच दिवसांत सगळे तिला 'जनरेटरवाली' म्हणू लागले.

"दोन तास कुठं थांबत बसायचं ओ? पुढच्या खेपेचं गिऱ्हाईक काय थांबतंय?" युवराज म्हणाला. तो संघाचा अध्यक्ष. त्याच्या आधी त्याचे वडील अध्यक्ष होते आणि खुर्चीही तीच होती. "जनरेटरवाली घेऊ. कुठं अडकायचं कामच न्हाय."

"घाटात कशी उतरतीया ती?" नागोजीने विचारलं.

निपाणीहून गाड्या दाखवायला आलेला स्वरूप तत्परतेने म्हणाला, "अण्णा, तवंदीच्या घाटात भरून उतरवलीय मी. एकदम लोण्यासारखी."

"तवंदी? आमच्या चोर्ल्यापुढं तवंदी म्हंजे अंगणातली पायरी रं."

लोक हसले. युवराज हसला नाही. "अण्णा, तुम्ही आता दसऱ्याला रिटायर होणार. गाडी तेजस्वी चालवणार. तिला जमली म्हंजे झालं."

नागोजीच्या जबड्याचं हाड हलत राहिलं. तेजस्वी त्याची पुतणी, रवळूची मुलगी. चोवीस वर्षांची. आधी रिक्षा चालवली, मग टेम्पो, आणि गेल्याच महिन्यात ट्रकचं लायसन काढून आणलं. रवळू हा नागोजीचा धाकटा भाऊ. तोही संघाचाच ड्रायव्हर. अठरा वर्षांपूर्वी चोर्ल्याच्या चौथ्या वळणावर ब्रेक लागले नाहीत आणि तो गाडीसकट दरीत गेला. कागदावर लिहिलं गेलं : चालकाची चूक. तेव्हा तेजस्वी सहा वर्षांची होती. त्याच घाटात आता ती जाणार होती, आणि ही माणसं क्रेट मोजत होती!

"आधी भरून घाट उतरवायचा," नागोजी उठत म्हणाला. "मग बोला."

गुरुवारी सकाळी स्वरूपने जनरेटरवाली आणली. संघाने तिच्यात अडीच टन कोबी भरला. तेजस्वी स्टेअरिंगवर, नागोजी पलीकडच्या खिडकीशी आणि मध्ये स्वरूप.

भरलेली गाडी उताराला लागली की मातलेल्या बैलासारखी होते. नुसत्या ब्रेकने तिला आवरणं म्हणजे बैलाला शेपटी धरून थांबवणं. ब्रेक तापतात, लायनर जळतात, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. खरी वेसण असते इंजनाची. खालच्या गिअरमध्ये टाकलं की इंजनच गाडीला मागे ओढून धरतं. विजेच्या गाडीत हे काम मोटर करते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती उलटी राबते, गाडीला आवरते, आणि त्यातून निघालेली वीज परत बॅटरीत भरते. जांबोटीकडच्या लहान उतारांवर नागोजीने हे पाहिलं. तेजस्वीने पाय उचलला की गाडी आपसूक जड होत होती. त्याला बरं वाटलं.

कणकुंबीला चहा झाला. तेवढ्यात स्वरूपने एक बटन दाबलं. मागे इंजन घरघरू लागलं आणि गाडी पुढे निघेपर्यंत पडद्यावरचा बॅटरीचा आकडा शंभरला टेकला.

"घाटाच्या तोंडाला टाकी फुल्ल! कसं अण्णा?"

"बरोबर हाय," नागोजी म्हणाला. "घाटाआधी टाकी भरून घ्यायची, ही आपली जुनीच रीत."

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर तेजस्वीने पाय उचलला. गाडी जड झाली नाही. दुसऱ्या वळणावर तिने पुन्हा पाय उचलला. उलट गाडी जास्तच पळायला लागली.

"आप्पा, धरीना झालीया ही."

"खालचा गिअर टाक!"

"गिअर कुठाय हिला?"

नागोजीने आवाज शांत ठेवला. "ब्रेकवर उभी राहू नको. दाब, सोड. परत दाब, सोड. डोंगराच्या अंगानं घे. दाब."

तिसरं वळण गेलं. कोबीचे क्रेट एका अंगाला सरकले. लायनर जळाल्याचा तो कडवट वास केबिनमध्ये आला आणि नागोजीचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा चौथ्या वळणाच्या अलीकडे रस्ता जिथे रुंद होतो तिथे तेजस्वीने गाडी डोंगराला घासून उभी केली होती. तिचे हात अजून स्टेअरिंगवरच होते. नागोजी खाली उतरला, एक धोंडा उचलला आणि पुढच्या चाकाला लावला. मग स्वरूपकडे वळला.

"बोल आता. लोणी कुठं गेलं?"

स्वरूपचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातली एक इवलीशी पिवळी खूण दाखवली. "बॅटरी शंभर झाली की मोटर वीज घेत नाही अण्णा. ठेवायला जागाच नसते ना. म्हणून मग ती गाडीला..."

"सोडून देतीया?"

"ब्रेक असतात की. आणि सेटिंग आहे. जनरेटर साठ टक्क्यांवर थांबवायचा. ते ड्रायव्हरने घाटाआधी बघून घ्यायचं असतं."

"मग तू फुल्ल कशाला केलास रं मुडद्या?"

"तुम्हीच बरोबर म्हणालात की, अण्णा."

नागोजीने केबिनचा दरवाजा असा आपटला की घाटातली माकडं झाडावर पळाली.

"ही न्यूट्रलच झाली की," तो स्वतःशीच पुटपुटला.

"न्यूट्रलचं काय?" तेजस्वीने विचारलं.

"काय न्हाय."

ब्रेक गार व्हायला तास गेला. मग पायी चालल्यासारखी गाडी खाली नेली.

शनिवारी दुपारी पुन्हा बैठक भरली. नागोजीने घडलं ते सगळं सांगितलं. युवराजने ते मोबाईल चाळत ऐकलं.

"म्हंजे झालं काय न्हायच की," तो म्हणाला. "एक सेटिंग तेवढं ध्यानात ठेवायचं. ते इसरलं तर गाडीचा काय दोष? ड्रायव्हरची चूक."

नागोजीच्या कानशिलातली शीर उडू लागली. तो उठला आणि थेट खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला.

"परत बोल. ड्रायव्हरची काय?"

"अण्णा, बसा. मी काय तुम्हाला..."

"तुझ्या बापानं हेच लिहून दिलतं. ह्याच खुर्चीवर बसून! रवळूची राख गार झाली नव्हती आणि त्यानं लिवलं, चालकाची चूक. आणि दसऱ्याचा फेटा कोण बांधत होतं? आँ? सांग की ह्या लोकास्नी!"

जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. नव्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी नागोजी ओरडूनच सांगू लागला. दर दसऱ्याला संघाच्या गाड्यांची पूजा व्हायची. वर्षात ज्याने सगळ्यात जास्त डिझेल वाचवलं, त्या ड्रायव्हरला अध्यक्ष स्वतःच्या हाताने भगवा फेटा बांधायचे. टाळ्या व्हायच्या, नारळ फुटायचे.

"डिझेल वाचतं कसं? घाटात गाडी न्यूट्रल मारली की वाचतं! इंजन सुटं करायचं आणि गाडी नुसत्या ब्रेकवर सोडायची. वेसणच कापायची बैलाची! तुझ्या बापाला ते ठाऊक होतं. समद्यास्नी ठाऊक होतं. पण फेटा झ्याक दिसतोय न्हवं डोक्यावर!"

"पण तुम्हालाच तर सहा..." युवराज बोलून गेला आणि थांबला.

"व्हय, सहा. सहा वर्सं मीच घेतला." नागोजीचा आवाज एकदम फाटला. "आणि सातव्या वर्साला रवळू माझ्या मागं लागला. आण्णा, मला बी एकदा फेटा पाहिजे. पोरीला दाखवायचाय म्हणाला. मग मीच त्याला शिकवलं. कुठल्या वळणापास्नं न्यूट्रल मारायची, कुठं परत गिअर घालायचा. चौथ्याच्या अलीकडं घालायचा. त्याचा गिअर पडलाच न्हाय. आणि परवा त्याच घाटाच्या तोंडाला मी परत म्हटलं, बरोबर हाय."

नागोजीने मागे वळून पाहिलं. तेजस्वी रिकाम्या क्रेटच्या थप्पीला टेकून उभी होती. अठरा वर्षं त्याने हे तिच्यापासून लपवलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, पण अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"अण्णा, झालं ते झालं," युवराज हळू आवाजात म्हणाला. "आता ते कशाला..."

"तुमी गप्प बसा," तेजस्वी म्हणाली. ती पुढे आली आणि नागोजीला वळसा घालून स्वरूपसमोर थांबली. "जनरेटरवालीला कुलूप घालता येतंय? साठाच्या वर भरूच न्हाय, कुणी कायबी बटन दाबलं तरी?"

"तसं नाही. प्रत्येक वेळी ड्रायव्हरनेच..."

"बरं. आणि बॅटरीवाली? हितनं शंभर करून भरून निघाली, तर कणकुंबीला किती उरतंय?"

स्वरूपने हिशेब केला. "सत्तरच्या आसपास."

"आणि घाट उतरंस्तोवर किती चढंल?"

"बॅटरी मोठी आहे. सात-आठ टक्के."

"म्हंजे जागा आपसूक ऱ्हाती. कुणी ध्यानात ठेवायला नको आणि कुणी कुणाला शिकवायला नको." ती युवराजकडे वळली. "आज मी बटन दाबीन. उद्या मी तापानं पडले तर दुसरा बसंल, त्यो इसरंल. परवा कुणीतरी म्हणंल, फुल्ल करून गेलास तर लवकर येशील, आणि फेटा बांधंल. मला बॅटरीवाली पाहिजे. ते दोन तास मी थांबते. ज्याला जनरेटरवाली पाहिजे त्यानं सोता चालवावी."

"पण गिऱ्हाईक..."

"गाडी दरीत गेल्यावर गिऱ्हाईक थांबून तरी काय करणार हाय रं?" अंबुबाई कडाडली. "पोरगी चालवणार, पोरगी सांगंल ती गाडी. हात वर करा बघू."

हात वर झाले. युवराजचा सगळ्यांत शेवटी झाला.

नागोजी शेडबाहेर येऊन थांबला. तेजस्वी चप्पल घालून त्याच्या शेजारून निघाली, दोन पावलं गेली आणि पाठमोरीच थांबली. तिने त्याला आप्पा म्हटलं नाही.

"पहिला महिना शेजारी बसायचं. घाट समदा शिकवायचा, दगड न् दगड. घाटाचं तेवढंच बोलायचं. दुसरं काय बोलायचं न्हाय."

"बरं."

"आणि ते फेटे हायत अजून?"

"ट्रंकेत हायत."

"घेऊन या."

नवी गाडी आली त्या दिवशी नागोजी सहाही फेटे पिशवीत घालून घेऊन आला. तेजस्वीने त्यातला वरचा काढला, कडक इस्त्री केलेला, आणि दोन्ही हातांनी मधोमध टराटरा फाडला. अर्धा पाण्याच्या बादलीत बुडवून पिळला. मग बंपरवर चढून पुढची काच पुसायला लागली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, जोर लावून. नागोजी बादली धरून खाली उभा राहिला. तिने न बघता हात मागे केला, तेव्हा त्याने उरलेला अर्धा बादलीत बुडवून, पिळून तिच्या हातात दिला.