एकच बूट हवाय

गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचं, हे मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे सासरे, आणि चपला-बुटांचं दुकान हे त्यांचं दुसरं अपत्य. पहिलं अपत्य माझा नवरा, पण लाड दुसऱ्याचे जास्त झाले. पाय बघून माप ओळखायचं, बोलता बोलता खोका काढायचा आणि गिऱ्हाईक ‘मला जरा...’ म्हणेपर्यंत बूट त्याच्या पायात चढवायचा, ही त्यांची पद्धत. “गिऱ्हाईकाला विचार करायला वेळ दिला, की ते शेजारच्या दुकानात जाऊन विचार करतं,” असं ते म्हणायचे.

लग्नानंतरची सगळी वर्षं मी हेच केलं आणि चांगलं केलं. उगाच लाजायचं कशाला? पण लग्नाआधी मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली होती, ती शाळेत अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवायचं म्हणून. तेवढं राहून गेलं होतं. आमची लेक शिकायला परगावी गेली आणि मी शिक्षक होण्याच्या पदवीसाठी कॉलेजात नाव घातलं. नवरा म्हणाला, “बरं केलंस.” आबांनी वरच्या फळीवरचे खोके उगाचच खाली काढले, पुसले आणि परत वर ठेवले.

लेखी परीक्षेचं मला भय नव्हतं. घोडं अडलं ते सराव पाठांपाशी. सराव पाठ म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर शिकवायचं, आणि आमच्या मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसून बघणार. पहिल्या पाठाला मी वर्गात शिरले आणि सवयीने सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी पाय आत ओढून घेतले. मग मी विचारलं, घाऊक आणि किरकोळ व्यापारात फरक काय? आणि कुणी हात वर करायच्या आत उत्तरही देऊन टाकलं. पुढच्या प्रश्नाचंही तेच. तास संपेपर्यंत मुलं मागे रेलून आरामात बसली होती आणि मी घामाघूम झाले होते.

“धडा छान झाला,” बाई म्हणाल्या. “फक्त वर्गात मुलं नसती तरी चाललं असतं.”

मी तापट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कॉलेजला त्या दिवशी कळलं. “मग प्रश्न विचारून गप्प उभं राहायचं का? मुलांचा वेळ फुकट घालवायचा?”

“घालवायचा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “वेळ त्यांचाच आहे.”

पुढचे पाठ थोड्याफार फरकाने असेच झाले. गप्प राहायचं ठरवून जायचे, पण समोर कुणाच्या कपाळाला आठी पडली, की माझी जीभ खोका काढायला धावायचीच. शेवटी बाईंनी स्पष्ट सांगितलं. अंतिम पाठाला बाहेरचे परीक्षक येणार; तिथेही स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच दिलीत तर पास करता येणार नाही, वर्ष पुन्हा करावं लागेल. इकडे सराव पाठ चालायचे त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला शब्द दिला होता, की पदवी हातात असेल तर नव्या वर्षापासून वाणिज्याची जागा तुमची. वर्षभर ती जागा कोण माझ्यासाठी राखून ठेवणार होतं? मी घाबरले, चांगलीच घाबरले.

“तोंडात पाण्याचा घोट धरून सराव करा,” बाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या, त्यांना ती कला अवगत नव्हती.

मी सराव केला. नवरा स्वयंपाकघरातून ओरडायचा, “आमटीत मीठ घातलंय का?” आणि मी गाल फुगवून त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा त्याने पुन्हा घातलं. जेवताना आबा एवढंच म्हणाले, “शिक्षण महाग झालंय.”

अंतिम पाठाच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, आबा जेवायला घरी गेले होते. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी घोट धरून बसले होते. तेवढ्यात घड्याळजी आले. ते कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात. फार पूर्वी अपघातात त्यांचा डावा पाय गेला. कुबडी घेऊन चालतात. बूट जुना झाला की ते येतात, स्टुलावर टेकतात आणि दर वेळी हसत हसत विचारतात, “एकच बूट मिळेल का हो?” आबा तत्काळ म्हणतात, “जोडी फोडता येत नाही, घड्याळजी.” मीही कितीदा तेच म्हणाले होते.

त्या दिवशीही त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात पाणी. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. आणि तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं, की विचारताना ते हसतात खरं, पण विचारून झाल्यावर उत्तराची वाट बघतात. खरोखर बघतात. मी पाणी गिळलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून हळूच म्हटलं, “जोडी फोडता येत नाही.” ते मान डोलावून जोडी घेऊन गेले. तो प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

अंतिम पाठाचा विषय होता, व्यवसायाची ग्राहकाप्रती जबाबदारी. मागच्या बाकावर बाई आणि त्यांच्या शेजारी परीक्षक. मी आत शिरले, या वेळी चेहऱ्यांकडे बघितलं, आणि पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवून विचारलं, “गिऱ्हाईकाला एकच पाय आहे. त्याला एकच बूट हवाय. दुकानदाराने काय करावं?”

वर्ग गप्प झाला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ‘जोडी फोडता येत नाही’ हे माझ्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी हात मागे घेतले आणि मुठीतला खडू दाबून धरला. परीक्षकांनी मान वर केली. एका मुलाने खिडकीकडे बघितलं, एक मुलगी वेणीचं टोक चावू लागली. आता बोलले नाही तर मी जागच्या जागी फुटेन, असं वाटलं. खडूच फुटला.

“अर्ध्या किमतीत द्यावा,” खिडकीकडे बघणारा म्हणाला.

“मग उरलेला कोण घेणार?” त्याच्या शेजाऱ्याने विचारलं. “दुकानदाराने काय तो शोकेसमध्ये सजवायचा?”

वर्ग हसला. “जोडीच घ्यायला लावायची,” आणखी कुणीतरी म्हणालं.

“आणि त्याने नको असलेला दर वेळी घरी न्यायचा? रोज डोळ्यांसमोर?” हे वेणीवालीने विचारलं, आणि हसू थांबलं. मग तीच विचार करत करत म्हणाली, “पण बाई, ज्याला फक्त दुसरा बूट हवाय असाही माणूस कुठेतरी असेलच ना? दुकानात किती लोक येतात. दुकानदाराने त्या दोघांची गाठ घालून द्यायची.”

मुलंच पुढे बोलत राहिली: माप जुळेल का, रंग कुणी ठरवायचा, पाटी कुठे लावायची. घंटा झाली तरी भांडत होती.

परीक्षकांनी विचारलं, “तुमच्या मनात उत्तर काय होतं?”

“माझ्याकडे नव्हतं,” मी म्हणाले. “आमच्या दुकानाकडे होतं, ते आज मोडीत निघालं.”

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, “चला, चहा घेऊ या.” त्यांच्या भाषेत ही शाबासकी होती. पास झाल्याचं मला चहानंतर कळलं.

संध्याकाळी दुकानात आबांना सगळं सांगितलं. ते काहीतरी बोलायला गेले, थांबले, आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग ते उठले आणि चालत कोपऱ्यावर गेले. घड्याळजींच्या कपाटात डाव्या पायाचे बूट होते, सगळे कोरे, कागदाचे बोळेसुद्धा तसेच. टाकवत नाहीत, असं ते म्हणाले म्हणे. दुसऱ्या दिवशी आबांनी काचेवर स्वतःच्या हाताने पाटी लावली: एकच बूट हवा असल्यास आत विचारा. विचारत आले ते एक निवृत्त बँकवाले. त्यांचा उरलेला पाय डावा, माप एकाने लहान. जाड मोज्यावर भागतं. आता ते दोघं मिळून जोडी घ्यायला येतात आणि रंगावरून तासभर वाद घालतात. आबा ऐकत बसतात.

पदवीचा कागद आला, नेमणूक झाली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले. “उभ्याने शिकवायचंय, बूट हवेत,” म्हटलं आणि फळीकडे हात केला.

“तू बस,” आबा म्हणाले. “आज तू गिऱ्हाईक आहेस.”

मी स्टुलावर बसले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही. ते हळूहळू खाली वाकले, गुडघ्यावर टेकले. मी अवघडून म्हटलं, “आबा, उठा बरं.” ते उठले नाहीत. बूट चढवायचं शूहॉर्न हातात धरून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “कुठला हवाय तुला?”

आणि मग ते गप्प राहिले. खोका काढला नाही, माप सांगितलं नाही, रंग सुचवला नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाची अशी वाट बघितलेली मी पाहिली नव्हती. मला उत्तर केव्हाच ठाऊक होतं, तरी मी घाई केली नाही. सगळ्या फळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. ते तसेच थांबले होते.