हिलरीच्या गाडीची बॅटरी

ऑगस्ट संपता संपता हॅझलडीनच्या चौकात, पबच्या अगदी समोर, एक राखाडी खांब उभा राहिला आणि त्याच्या टोकाला कॅमेरा बसला. जास्त धूर सोडणारी गाडी हद्दीत शिरली की तो तिचा नंबर टिपणार आणि मालकाला त्या दिवसाचे साडेबारा पौंड पडणार. गाव तसं नावालाच लंडनमधलं. पत्त्यात लंडन आणि खिडकीत गायी. चौकातून मैलभर पुढे गेलं की केंट परगणा लागतो. लंडन नेमकं कुठे संपतं याची आजवर कुणी चौकशी केली नव्हती, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते एवढाच काय तो फरक. आता मात्र शाळकरी पोरंसुद्धा हद्द बोटाने दाखवायला लागली.

खांब उभा राहिला त्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, डेसमंड विकन्स देवळात आला नाही.

हॅझलडीनच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मनोऱ्यात सहा घंटा आहेत. खाली सहाजण गोल करून उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात एकेक दोर. घंटा एकामागून एक वाजतात आणि दर फेऱ्याला त्यांचा क्रम बदलतो. फक्त सगळ्यात मोठी घंटा आपली जागा सोडत नाही, ती फेऱ्याच्या शेवटीच वाजते. ती डेसमंडची. आडव्या बांध्याचा, निवृत्त सुतार, बोलायला कंजूष. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी स्पेनला गेली ती परत आली नाही, आणि गेली तेव्हा एकटी गेली नव्हती. राहायला तो केंटच्या बाजूला, पण गुरुवारचा सराव आणि रविवारची प्रार्थना त्याने इथे आल्यापासूनच्या अकरा वर्षांत कधी चुकवली नव्हती.

"गुडघा जरा कुरकुरतोय," असा त्याचा फोन आला.

"गुडघ्याला चौकातला कॅमेरा दिसला असेल," आपला दोर हातात घेत मॉरीन म्हणाली.

हिलरी पोकॉकने डेसमंडचा दोर खुंटीला अडकवला. मनोऱ्याची प्रमुख ती. वय एकसष्ट, आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली हलवून दंड कमावलेले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. गुरुवारी सकाळपासून आपलं मन हलकं का असतं, याचा तिने कधी नीट विचार केला नव्हता. त्या गुरुवारी पाचजणांनी पाच घंटा वाजवल्या. मोठी घंटा नसली की फेरा संपतच नाही, नुसता तुटतो. पाच मिनिटांत सगळ्यांनी आपणहून दोर सोडले आणि बिस्किटांचा डबा उघडला.

पुढच्या गुरुवारी मात्र तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, विजारीला काटे, हातात विजेरी. आपली जुनी डिझेलची व्हॅन त्याने हद्दीच्या पलीकडे एका शेताच्या फाटकाशी लावली होती आणि गायींमधून पायवाटेने चालत आला होता. त्याने बूट दाराशी काढले, मोज्यांवर उभं राहून घंटा वाजवली आणि सगळ्यांनी त्या मोज्यांकडे न बघण्याची शिकस्त केली.

"हवा छान होती चालायला," डेसमंड म्हणाला.

बाहेर पाऊस लागला होता.

"हो, छानच," म्हातारे मिस्टर लिडल म्हणाले. ते बसने येत, त्यामुळे कॅमेऱ्याशी त्यांचं वैर नव्हतं.

नंतर पबमध्ये विषय निघालाच. ट्रेव्हर, मॉरीनचा नवरा, याच्या जखमा अजून ओल्या होत्या. त्याची लांबलचक चकचकीत गाडी डिझेलची निघाली म्हणून बाद झाली होती. ती विकून आता दोघांत मॉरीनचीच एक टीचभर गाडी उरली होती.

"दहा वर्षांची माझी गाडी घाण," तो हिलरीला म्हणाला, "आणि तुझा सतरा वर्षांचा डबा स्वच्छ. कारण काय, तर तो पेट्रोल पितो. मी डिझेल घेतलं तेव्हा हेच लोक शाबासकी देत होते. म्हणे पृथ्वीला बरं."

"पृथ्वीचं माहीत नाही, मला बरं झालं," मॉरीन म्हणाली. "एक गाडी म्हटल्यावर मला विचारल्याशिवाय हा कुठे जात नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा नवरा कुठे असतो ते मला कळायला लागलंय."

"मग तू काय ठरवलंस, डेसमंड?" फुन्मीने सरळ विचारलं. फुन्मी नर्स होती, मोठ्या इस्पितळात, आणि घंटा वाजवणाऱ्यांत सगळ्यात नवी. तिने कुणाची तरी वापरलेली विजेची गाडी घेतली होती. चौकातून जाताना ती कॅमेऱ्याला हात करायची.

डेसमंडने ग्लास फिरवला. "ठरवायचं काय. व्हॅन विकली तर लाकूड कशातून नेऊ. जुनी मोडीत काढायला पैसे मिळतात, पण ते लंडनकरांना. मी पडलो दोन शेतं पलीकडचा. आणि आमच्याकडे रोज फिरायला काही पडत नाही. इथे यायलाच तेवढं पडतं."

"मी येत जाईन ना घ्यायला," हिलरी म्हणाली. सहज म्हटल्यासारखं म्हणायचं तिने ठरवलं होतं, पण ते जरा घाईत बाहेर पडलं.

"छे छे. तुला कशाला त्रास."

"त्रास कसला. दहा मिनिटांचा रस्ता."

"नको, खरंच. चालणं बरंच असतं."

ट्रेव्हरने विचारलं, तरी नको. फुन्मीने विचारलं, तरी नको. फुन्मीने कपाळाला हात लावला. "माझ्या आईकडे कुणी असं नको म्हटलं तर त्याला उचलून गाडीत कोंबतात आणि वर भाताचा डबा मांडीवर देतात. तुम्ही लोक कसे काय जगलात इतकी वर्षं?"

"एकमेकांना त्रास न देता," मिस्टर लिडल म्हणाले.

तिसऱ्या गुरुवारी डेसमंडने बूट काढता काढता सांगितलं, "मार्लडेनवाल्यांनी विचारलंय. त्यांचा मोठ्या घंटेचा माणूस मुलीकडे राहायला गेला." मार्लडेन केंटमध्ये होतं, त्याच्या घरापासून जवळ, आणि तिथे कसलाही खांब नव्हता. "सरावाचा वार तिथेही गुरुवारच. सुगीच्या रविवारपर्यंत इथे येतो. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मॉरीनने बिस्किटांचा डबा पुढे केला. डेसमंडने दोन घेतली, त्याअर्थी त्यालाही वाईट वाटत होतं.

सुगीचा रविवार, देवळात नव्या पिकाबद्दल आभार मानायचा दिवस, दहा दिवसांवर आला होता.

हिलरीने दुसऱ्या दिवशी सकाळी कोबी चिरायला घेतला तो जरुरीपेक्षा कितीतरी बारीक चिरला. मोठ्या घंटेला दुसरं माणूस शोधता येईल, ती स्वतःला समजावत होती. फुन्मीचे दंड चांगले आहेत, सहा महिन्यांत शिकेल. प्रश्न घंटेचाच असता तर कोबी इतका बारीक झाला नसता. डेसमंड मार्लडेनला गेला तर त्याला कुठल्या निमित्ताने भेटायचं? तिला एकही निमित्त सापडेना. अकरा वर्षं सगळी भिस्त एका दोरावर ठेवलेली.

चिरलेलं काय करायचं ते न सुचून ती कचरा टाकायला बाहेर आली, तर फाटकाशी शेजारच्या बाईंनी नेहमीची पेटी ठेवली होती. सप्टेंबरात गावातल्या प्रत्येक बागेत दुधीसारख्या हिरव्या कुर्जेट इतक्या लागतात, की दार वाजवून द्यायला गेलं तर लोक आतले दिवे मालवतात. म्हणून त्या फाटकाशी ठेवायच्या आणि वर पुठ्ठ्याचा तुकडा: 'कृपया न्या. आमच्यावर उपकार होतील.' मग मात्र जाणारायेणारा प्रत्येकजण उदार मनाने दोन-दोन उचलतो. हिलरीने स्वतः काल तीन नेल्या होत्या. तिला कुर्जेट आवडत नाहीत.

तिने पुठ्ठ्यावरचं ते उपकाराचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग आत जाऊन तिने फोन लावला.

"डेसमंड? ऐक ना, एक अडचण आहे. नाही म्हणालास तरी चालेल." हे वाक्य म्हटल्यावर त्या मुलखात कुणी नाही म्हणू शकत नाही. "माझी गाडी. नुसती उभी असते. मला दुकानात जायचं आठवड्यातून एकदा, बाकी सगळं पायाखालचं. तर ती बॅटरी सारखी बसते. गॅरेजवाला म्हणाला, रोज कुणीतरी चालवायला हवी. मला कुठलं रोज जमतं. तुझ्याकडे ठेवलीस, जरा फिरवलीस, तर खरंच उपकार होतील."

पलीकडे खुर्ची सरकली. मग डेसमंड म्हणाला, "बॅटरी बसते म्हणजे अगदी बसते?"

"अगदी."

"आलोच."

ती म्हणणार होती की आत्ताच कशाला, पण फोन ठेवला गेला होता. तासाभरात तो गायींमधून चालत हजर झाला. खांद्यावर थैली, थैलीत बॅटरीला लावायच्या जाड तारा, पाने आणि मोजयंत्र. हिलरी थैलीकडे बघत राहिली. असं काही होईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. अडचण म्हटली की हा माणूस हत्यारं घेऊन येणार, हे अकरा वर्षांत कळायला हवं होतं.

"आधी चहा घे," ती म्हणाली.

"आधी बघू तर दे."

त्याने पुढचं झाकण उघडलं. ती त्याच्या मागे, हात ॲप्रनच्या खिशात घालून उभी. आत बॅटरी होती, आणि ती कोरी करकरीत होती. जुलैत बदललेली. वरचा कागदी शिक्काही अजून तसाच होता, त्यावर महिना आणि वर्ष ठळक छापलेलं. सुताराचे डोळे, एका सुताचा फरक पकडणारे. त्याने शिक्का वाचला. मग यंत्र लावलं. काटा धावत जाऊन पार टोकाला टेकला.

डेसमंडने यंत्राकडे पाहिलं. हिलरीने कुंपणाकडे पाहिलं. कुंपणावर एक रॉबिन पक्षी बसला होता, तो दोघांकडे बघत होता.

डेसमंडने तारा गुंडाळल्या, झाकण हळू लावलं आणि रुमालाने एकेक बोट पुसलं.

"वाईट अवस्था आहे," तो म्हणाला.

"हो ना?"

"फारच. अशी बॅटरी मी पाहिली नाही. ही एक दिवससुद्धा एकटी ठेवण्यासारखी नाही."

त्याच्या मानेवर लाली चढली होती. हिलरीला हसू आवरेना, म्हणून ती चहा ठेवायला पळाली.

चहा घेताना सगळं ठरलं. गाडी त्याच्या दारात राहील. गुरुवारी आणि रविवारी ती घेऊन तो देवळात येईल, कॅमेऱ्याला भिण्याचं कारण नाही. शुक्रवारी येऊन हिलरीला दुकानात नेईल, कारण गाडी तिची आहे आणि त्याला उपकार नकोत. लाकडाच्या फेऱ्यांपुरती व्हॅन पलीकडे राहील.

"खरं तर तीही जास्तच आहे," डेसमंड म्हणाला. "लाकडाची कामं आता महिन्यातून दोन. एका माणसाला दोन गाड्या कशाला. भाच्याला हवी आहे व्हॅन, तिकडे त्याच्या शेतावर. देऊन टाकेन म्हणतो."

"आणि मार्लडेन?"

"त्यांना सांगतो, गुडघा कुरकुरतोय."

आता विम्यात त्याचं नाव घालायला हवं होतं. हिलरीने तिथल्या तिथे फोन लावला आणि बिस्किटं शोधायला हात मोकळे हवेत म्हणून आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक तरुण मुलगी बोलायला आली. आवाज गोड, बोलणं वेगात.

"दुसऱ्या चालकाचं नाव? वय? किती वर्षं गाडी चालवतात?" डेसमंड टेबलापलीकडून सांगत गेला, हिलरी तेच पुन्हा फोनला सांगत गेली. मुलीला दोघेही ऐकू येत होते, पण ती चांगल्या घरची होती.

"आणि तुमचं त्यांच्याशी नातं काय, मॅडम?"

हिलरी डब्याचं झाकण हातात घेऊन थांबली. "आम्ही घंटा वाजवतो."

"काय म्हणालात?"

"देवळात. एकत्र. सहाजण असतो आम्ही."

"अच्छा. माझ्याकडे तसं काही नाही, मॅडम. माझ्याकडे नवरा आहे, जोडीदार आहे, मुलगा, भाऊ, मित्र, आणि इतर."

"मित्र लिहा," हिलरी म्हणाली. तिने डेसमंडकडे बघायचं टाळलं.

"मित्र." पलीकडे खटखट झाली. "गाडी रात्री कुठे उभी असते?"

"त्यांच्या दारात. रोज."

"रोज? आणि तुमचा पत्ता तोच?"

"नाही, मी इथे. हॅझलडीनला."

मुलगी घोटाळ्यात पडली. असल्या गिऱ्हाइकासाठी तिला बहुधा कुणी शिकवलं नव्हतं. "मी एकदा नीट विचारते हं. गाडी तुमच्या मालकीची. ती रोज रात्री तुमच्या मित्राच्या घरी असते. आणि तुम्ही वेगळ्या घरी राहता?"

"सध्या तरी," डेसमंड म्हणाला.

स्वयंपाकघरात किटलीचा उरलासुरला सूं आवाज येत होता. हिलरीने झाकण टेबलावर ठेवलं, ते जरा वाजलं. डेसमंड कपात साखर ढवळत होता, तो साखर घेत नाही.

"मॅडम? सध्या तरी असंच लिहू का?"

"लिहा," हिलरी म्हणाली. "आणि पत्ता बदलायचा झाला तर पुन्हा कोणत्या नंबरवर फोन करायचा, तेवढं सांगून ठेवा."